मार्चमध्ये सोलापुरात थंडी वाजतेय आणि थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली अजून सीलबंद आहे

शेवटचं_पान (७ मार्च)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

वय ४१, शाळेत शिकवते, जुळे सोलापूरला राहते. गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये सगळ्या जणी पदरानं वारा घालत होत्या आणि मी शाल पांघरून वह्या तपासत होते. सोलापूर, दुपारचे दोन, आणि शाल! आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, रक्त तपासून घ्या." त्याआधी वर्षभर केस गळत होते, आवाज घोगरा झाला होता, पोट साफ होत नव्हतं, पाळीत अंगावरून फार जायचं. प्रत्येकाला मी वेगळं कारण शोधून ठेवलं होतं. केसांना बोअरचं पाणी, आवाजाला चौथीचा वर्ग.

रिपोर्ट असा: टीएसएच १८.४, फ्री टी फोर कमी, अँटी टीपीओ बरंच वाढलेलं. हिमोग्लोबिन ९.८, कोलेस्टेरॉल २३८. डॉक्टरांनी थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅमची गोळी दिली, रोज सकाळी अनशापोटी. आणि लोहाची गोळी.

बाटली आणून अकरा दिवस झाले. फ्रिजवर आहे, सील तसंच. सासूबाई म्हणतात, "एकदा सुरू केली की सुटत नाही, सवय लागते." दीर काढ्याचा फोटो पाठवतात. मैत्रीण म्हणते वजन वाढतं, दुसरी म्हणते उतरतं. नवरा म्हणतो, तू ठरव. तेच तर होत नाहीये.

खरंच जन्मभर घ्यावी लागते का? आणि तुम्ही सकाळी कशी जमवता?

गड्ड्यावरचा_पाळणा

मार्चात थंडी वाजणारा माणूस सोलापुरात म्हणजे लॉटरीच की ओ! गोळी घेऊ नका, आम्हाला भाड्यानं द्या तो आजार, मे महिन्यापुरता.

(गंमत हो. घ्या गोळी.)

चादरवाला

शाल कशाला? गाव कुठलं आपलं? चादर घ्यायची.

हुतात्मा_एक्सप्रेस

मी सहा वर्षांपासून घेतेय, आता ७५ वर आहे. सकाळी साडेसहाच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जायचे तेव्हापासूनची सवय: पाच वाजता उठायचं, गोळी, साधं पाणी, मग अंघोळ-आवराआवर. स्टेशनवर पोचेपर्यंत तास होतो, मग चहा. अडचण एकच, सुट्टीच्या दिवशी विसरते, कारण गाडी नसते.

जन्मभर म्हणाल तर हो, माझी तरी जन्मभरच. चष्म्यासारखं समजायचं.

गड्ड्यावरचा_पाळणा

पाच प्रतिसादांत चष्मा आला. पैज जिंकली.

मेडिसीनवाला

शेवटचं_पान, तुमची नाडी इथून दिसत नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी समजू नका. पण रिपोर्ट समजावून सांगतो, कारण भीती बहुतेक तिथंच असते.

आपल्या गावच्या भाषेत सांगतो. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी म्हणजे मागाचं शेड. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी आहे, ती मुकादम. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. कापड कमी निघालं की मुकादम ओरडतो. तुमचा मुकादम १८ वर ओरडतोय आणि तरी माल, म्हणजे टी फोर, कमीच निघतोय. अँटी टीपीओ वाढलेलं म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती शेडमध्ये घुसून मोडतोड करतेय. याला हाशिमोटो म्हणतात, १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी वर्णन केलं म्हणून. मोडलेले माग सहसा परत चालू होत नाहीत. म्हणून तुमच्या बाबतीत "बहुधा कायम" हे उत्तर खरं आहे, गोड करून सांगत नाही.

पण सासूबाईंचं "सवय लागते" हे खरं नाही. गोळीत जे आहे तेच रसायन तुमची ग्रंथी बनवत होती. बंद केली तर तुम्ही आज जिथं आहात तिथं, हळूहळू आणखी खाली जाल. ते व्यसन नव्हे, तुटवडा आहे.

अक्कलकोट_रोड

डॉक्टरसाहेब, आमच्या शेडमध्ये मुकादम माल निघाला तरी ओरडतो. त्याचं टीएसएच काय काढायचं?

बाकी उदाहरण एक नंबर. आमच्या आईला पण हेच हाय, तेलुगूत समजावून सांगितलं, पहिल्यांदा पटलं तिला.

तलावकाठ

मी वेगळं मत मांडते. मला एका शिबिरात टीएसएच ६.२ निघालं म्हणून लगेच गोळी लावली. चार महिने घेतली, छाती धडधडायची. दुसऱ्या डॉक्टरांनी बंद करून, थांबून, दोनदा तपासलं: ३.८ आणि ४.१. गरजच नव्हती. त्यामुळे "टीएसएच वाढलं की गोळी" हे मला पटत नाही. धागाकर्तीनं आधी पुन्हा तपासावं.

मेडिसीनवाला

तलावकाठ, तुमच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात आणि त्यांच्या बाबतीत चूक. टीएसएच जरासं वर, टी फोर नॉर्मल, त्रास नाही, अशांचं दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. बऱ्याच जणांचं आपोआप खाली येतं. दहाच्या खाली असेल तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात. गरोदर बाई किंवा मूल हवं असणारी असेल तर हिशेब वेगळा. पण १८.४, टी फोर कमी, अँटीबॉडी वाढलेल्या आणि वर्षभराची लक्षणं, हे सगळं एकत्र असताना वाट कशाची बघायची?

कायमची नसते अशीही उदाहरणं आहेत. बाळंतपणानंतर काहींची ग्रंथी काही महिने रुसते आणि परत कामाला लागते.

तलावकाठ

ठीक. दहाच्या वरचं मान्य. शिबिरवाल्यांवरचा राग कायम.

औषधपेढी

नवी पेठेत दुकान आहे, काउंटरवर रोज जे बघतो ते सांगतो.

एक, ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. परवा एक काका भांडायला आले, "पन्नास मिलिग्रॅम द्या, हे काय देताय?" मिलिग्रॅममध्ये दिली असती तर हजारपट झाली असती.

दोन, एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म, थायरॉक्स, जी सुरू कराल तीच चालू ठेवा. औषध तेच, पण ब्रँड बदलला की अंगात शोषलं जाण्यात थोडा फरक पडू शकतो आणि या औषधात थोडाही फरक जाणवतो. बदलावाच लागला तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून घ्यायचं. किमतीसाठी बदलू नका. आवश्यक औषधांच्या यादीत असल्यानं दर बांधलेला आहे, रोजची गोळी टपरीवरच्या चहापेक्षा स्वस्त पडते.

तीन, आणि बाई हे तुमच्यासाठीच: लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर घेऊ नका. चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांचंही तेच. पोटात एकमेकींना धरून बसतात आणि थायरॉक्सिन तसंच बाहेर जातं. तुमच्या चिठ्ठीवर दोन्हींपुढे "सकाळी" लिहिलेलं असणार, लावा पैज.

शेवटचं_पान

दोन्हींपुढे "सकाळी" लिहिलंय. दुकानदारानं पाकिटावर सूर्याची दोन चित्रंही काढून दिलीत.

औषधपेढी

एक सूर्य दुपारी तीनला हलवा. डॉक्टरांना फोन करून विचारा, तेही हेच सांगतील.

आजीबाई_६८

मुली, मी २७ वर्षं घेतेय. आमच्या काळात इथं कुणाला थायरॉइड माहीतच नव्हता. मला "बाई आळशी झाली" असं सासरी म्हणायचे. चेहरा सुजलेला, बोलताना जीभ जड. माझी मोठी जाऊ तर मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायची, "हिला दुपारी दोन तास झोप लागते, राणीसाहेब." गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी मी पहाटे उठून अंगणात सडा घातला तेव्हा तीच जाऊ दारात उभी राहून बघत होती. बोलली काही नाही. मीही नाही बोलले.

पहिल्या वर्षी मी कॅलेंडरवर फुल्या मारायचे, इतके दिवस झाले, किती उरले असं. आता त्रास वेगळाच: आज घेतली की नाही हेच आठवत नाही! नातवानं सात खणांची डबी आणून दिलीय, सोम ते रवि. खण रिकामा म्हणजे घेतली. तू पण तीच घे.

पाण्याचं सांगू? आमच्याकडे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, कधी पहाटे चारला. तेव्हा उठून मोटर लावायची, गोळी घ्यायची, पाणी भरायचं. भरून होईस्तोवर तास होतो. पालिकेनं नकळत माझी गोळी वेळेवर लावलीय.

गड्ड्यावरचा_पाळणा

आजींच्या प्रतिसादाला +१००. पण आजी, पाणी रोज यायला लागलं तर?

आजीबाई_६८

तेवढं मी जगत नाही रे.

होटगीकर

माझा प्रश्न वेगळा आहे. अम्मीला ही गोळी चालू आहे आणि सध्या रमजान. सहरीआधी अर्धा तास उठवून द्यायचो, पण तिची झोप मोडते. रात्री दिली तर चालते का?

मेडिसीनवाला

चालते. पोट रिकामं हवं, घड्याळात काय वाजलेत याला महत्त्व नाही. शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी झोपताना द्या. २०१० साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात रात्री घेणाऱ्यांचं टीएसएच उलट थोडं जास्त चांगलं उतरलं होतं. फक्त इफ्तारनंतर अम्मी रात्री उशिरापर्यंत काही ना काही खात असतील तर मात्र सहरीआधीचीच वेळ बरी. आणि वेळ बदलली की दोन महिन्यांनी एकदा टीएसएच.

होटगीकर

शुक्रिया डॉक्टर. अम्मी खातात. अकरापर्यंत खातात.

भाकर_तुकडा

सगळे गोळीवर बोलायलेत, जेवणाचं कुणी बोलेना. एका व्हिडिओत सांगितलं, कोबी, फ्लॉवर, सोयाबीन, शेंगदाणे, बाजरी सगळं बंद. आता सोलापुरात शेंगाचटणी बंद म्हणजे जगायचं कशावर? कडक भाकरी नुसती चावायची का?

मेडिसीनवाला

शेंगाचटणी खा हो.

बाजरीचं अगदीच खोटं नाही. तिच्यात ग्रंथीच्या कामात अडथळा आणणारी द्रव्यं आहेत, सुदानमधल्या दारफूर भागात त्यावर संशोधन झालंय. पण तिथं अन्नात आयोडीनही कमी आणि जेवणही बहुतेक बाजरीचंच, असा दुहेरी मार होता. आपण आयोडीनयुक्त मीठ खातो. आणि मुख्य म्हणजे हाशिमोटोत ग्रंथी आयोडीनअभावी थांबलेली नसते, म्हणून "जास्त मीठ खा" हा सल्लाही फुकटचा. संप्रेरक गोळीतून मिळत असताना शिजवलेल्या कोबीनं काय बिघडणार? सोयाबीन गोळीच्या आसपास नको, ते शोषण कमी करतं.

मनसोक्त

कांचनार गुग्गुळ आणि धन्याचं पाणी. माझ्या मेहुणीचं टीएसएच यानंच उतरलं. ॲलोपॅथीवाले जन्मभराचं गिऱ्हाईक बनवतात.

तलावकाठ

मेहुणीचं किती होतं आधी?

मनसोक्त

साडेपाच.

तलावकाठ

माझं ६.२ होतं आणि धन्याचं पाणी न पिता उतरलं. वर वाचा.

अक्कलकोट_रोड

मनसोक्तभाऊ, भांडायचं नाही, पण आमच्या मावशीचं सांगतो. मावशी घरी विड्या वळायच्या. आठ वर्षं गोळी चालू. कुणीतरी सांगितलं मुळापासून बरं करतो, गोळी बंद केली. पाच-सहा महिने काही झालं नाही, उलट ती सगळ्यांना सांगायची बघा सुटली. मग डिसेंबरात ती नुसती झोपायला लागली. अंग गार, चेहरा सुजलेला, हाक मारली तर "अं" करून परत डोळे मिटायची. आम्हाला वाटलं थंडीनं करायलीय. दवाखान्यात नेली तर नाडी चाळीसच्या आसपास, सरळ आयसीयूत. वाचली. पण त्यानंतर आमच्या घरात या गोळीवर चर्चा होत नाही.

मेडिसीनवाला

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. थायरॉक्सिन अंगात निम्मं व्हायलाच सात दिवस लागतात. म्हणून एखादा दिवस चुकला तर आकाश कोसळत नाही, आणि म्हणूनच बंद केल्यावर काही दिवस "बघा काही झालं नाही" असं वाटतं. सुरू केल्यावर तपासणी सहा-आठ आठवड्यांनी करतात तीही याचमुळे, आधी केली तर अर्धवट चित्र दिसतं.

मनसोक्त, धन्याचं पाणी प्या, पण गोळीनंतर तासाभरानं आणि गोळीऐवजी नाही.

इतिहासाचा_मास्तर

अवांतर, पण राहवत नाही. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती बाई आणखी २८ वर्षं जगली, नंतर अर्क तोंडानं घ्यायची. त्यासाठी आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या म्हणे. शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी, १९१४ च्या नाताळच्या दिवशी.

गड्ड्यावरचा_पाळणा

आठशे मेंढ्या. आपल्याकडे असतं तर ग्रंथी डॉक्टरला आणि बाकीचं आम्हाला.

निळी_स्कूटी

मी ३०, माझं वजन ७० किलो. कुठंतरी वाचलं किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. मग मला ११२ हवी, डॉक्टर ५० वर का अडलेत? आणि वजन कधी उतरणार?

मेडिसीनवाला

१.६ चा हिशेब ग्रंथीनं काम जवळजवळ पूर्ण सोडलं असेल त्यांचा. तुमची काही करत असेल तर तेवढी लागत नाही. तरुण, निरोगी माणसाला मोठ्या डोसनंही सुरुवात करतात, म्हातारी किंवा हृदयाची माणसं असतील तर १२.५ किंवा २५ पासून, कारण हृदयाला एकदम धावायला लावायचं नसतं. स्वतः वाढवू नका. जास्त झाली की धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. वर्षानुवर्षं जास्त राहिली तर हाडं ठिसूळ, हृदयाचा ताल बिघडलेला.

वजनाचं सांगतो आणि शिव्या खातो. थायरॉइडमुळे वाढलेलं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं, तेही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. तेवढं उतरेल. बाकीचं वेगळं आहे.

निळी_स्कूटी

बाकीचं सात रस्त्यावरच्या पावभाजीचं आहे. कळलं.

हुतात्मा_एक्सप्रेस

एक भर. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवा. माझं टीएसएच एकदम खाली दिसलं, डोस कमी करायची वेळ आली होती. लॅबमधल्या मुलीनं विचारलं म्हणून वाचले. आणि रक्त द्यायला जाताना त्या दिवशीची गोळी आधी घेऊ नका, नंतर घ्या.

शेवटचं_पान (९ मार्च, रात्री)

सगळं दोनदा वाचलं. खरं सांगू? मी गोळीला घाबरत नव्हतेच. "जन्मभर" या शब्दाला घाबरत होते. आईला शेवटची काही वर्षं औषधांची पिशवी घेऊन फिरताना बघितलंय. बाटली उघडली की मी त्या रांगेत उभी राहिले असं वाटत होतं. आजींच्या सड्याचं वाचलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सडा नको, पण शाल काढ."

आमच्याकडे उद्या पहाटे पाणी येणार आहे. तेव्हाच उघडते.

आजीबाई_६८

डबी घेतलीस का?

शेवटचं_पान (२९ एप्रिल)

धागा वर काढतेय, सात आठवडे झाले म्हणून.

पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्यात डोकं दुखलं, उगाच घाबरले. केस तर आणखी गळले, डॉक्टर म्हणाले धीर धरा, केसांना काही महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात पोट ताळ्यावर आलं, इथं लिहिण्यासारखं नाही पण माझ्यासाठी तो सण होता. आवाजही सुटलाय, चौथीचा वर्ग साक्षीदार आहे.

काल रिपोर्ट आला, टीएसएच ६.१. डोस ७५ केलाय, पुन्हा सहा आठवड्यांनी तपासणी. कोलेस्टेरॉल २३८ चं २०९ झालं. डॉक्टरांनी त्याची गोळी मुद्दाम दिली नव्हती, म्हणाले थायरॉइड सुधारलं की तेही उतरतं का बघू. लोह दुपारी तीनला, मधल्या सुट्टीनंतर. वजन दीड किलो कमी.

आणि परवा रात्री मी स्वतः उठून पंखा पाचवर केला. नवरा झोपेतून म्हणाला, "कोण आहे?"

एक शंका: इथं आता ४३ अंश आहे. बाटली फ्रिजवरून फ्रिजमध्ये ठेवू का?

औषधपेढी

नको, आत दमट असतं आणि दार उघडझाक होतं. फ्रिजवरही नको, तिथंही गरम लागतं. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ, खिडकीत, स्कूटीच्या डिकीत तर बिलकूल नाही. उष्णता, उजेड, ओल, तिन्हींनी ती कमजोर होते. आतल्या खोलीतलं कपाट, मधला कप्पा. डबीत एका वेळी आठवड्याच्याच भरा.

गड्ड्यावरचा_पाळणा

बाई, आता उकडायलंय म्हणजे तुम्ही परत सोलापूरकर झालात. तो आजार भाड्यानं द्यायचा राहिलाच.

चादरवाला

शालीचं काय केलं?

शेवटचं_पान

सासूबाईंनी घेतली. गंमत म्हणजे परवापासून त्यांनाच थंडी वाजतेय म्हणतात. उद्या सकाळी त्यांची तपासणी, दोघी लॅबमध्ये.